इंग्रजी शाळेतली एक जूनची मुलं

जून महिन्याच्या पहिल्या रविवारी कॅलिफोर्नियात, सनीव्हेलच्या एका पार्कमध्ये आम्ही पंधरा-सोळा जण जमतो आणि सगळ्यांच्या वाढदिवसाचा मिळून एक केक कापतो. केकवर कुणाचंच नाव नसतं. बेकरीतली मुलगी दर वर्षी विचारते, "नाव काय घालू?" आणि दर वर्षी आम्ही सांगतो, "काही नको, खूप जण आहेत." आम्ही सगळे एकाच तालुक्याच्या गावातले, एकाच शाळेचे माजी विद्यार्थी. कुणी माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, कुणी पाच वर्षांनी लहान. पण पासपोर्टवर बहुतेकांची जन्मतारीख एकच, एक जून. साल तेवढं वेगळं.

आमच्यासारख्यांच्या घरी मूल जन्मलं की नोंद करायला नगरपालिकेत कुणी जात नसे. पाच-सहा वर्षांनी ते मूल शाळेच्या दारात उभं राहिलं की सर त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. हात कानाला पुरला की मूल शाळेच्या वयाचं झालं. रजिस्टरमध्ये जन्मतारीख तर भरायलाच हवी, म्हणून मग एक जून. शाळा उघडण्याच्या तोंडावरची, वय मोजायला सोपी तारीख.

माझा नवरा पुण्याचा. तो हॉस्पिटलमध्ये जन्मला आणि त्याच्या जन्माची वेळ मिनिटासकट कागदावर आहे. लग्नानंतर पहिल्यांदा तो या केकला आला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्या गावातल्या बायका मे महिनाभर दम धरून बसायच्या काय रे?" तेव्हापासून दर वर्षी त्याला केकचा सगळ्यात लहान तुकडा मिळतो.

गावात आमच्या शाळेला "इंग्रजी शाळा" म्हणत. इंग्रजांच्या राज्यात गावातल्या एका वकिलाने ती सुरू केली, सरकी काढायच्या कारखान्याच्या दोन रिकाम्या खोल्यांत. मराठी सातवी झालेल्या मुलांना इंग्रजी शिकवून मॅट्रिकला बसवायचं, एवढाच उद्देश. वरच्या वर्गांत सगळे विषय इंग्रजीतून. व्याकरणाचा असा दरारा की वाक्याचे तुकडे पाडून प्रत्येक शब्दाचं काम सांगता आलं नाही तर मुलाला पुढच्या वर्गात घालत नसत. त्या शाळेतून मामलेदार निघाले, डॉक्टर निघाले, दोन न्यायाधीश निघाले. त्यांच्या नावांचा फळा मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर होता. स्वातंत्र्यानंतर शाळा मराठी माध्यमाची झाली, मुली आल्या, खाली पहिलीपासूनचे वर्ग जोडले गेले, आणि आमच्यासारखी घरंही आली. माझे वडील त्याच कारखान्यात हमाली करायचे. आई मिरचीच्या वखारीत देठं खुडायला जायची. माझ्या आधी आमच्या घरात कुणी दहावीपर्यंतसुद्धा पोचलं नव्हतं. आणि तरी आमचं घर अभिमानाने सांगायचं, पोरगी इंग्रजी शाळेत जाते.

पुढे बायपासला खरोखरीची इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली. पिवळ्या बस आल्या, टाय आले. आमच्या शाळेचा पट दर वर्षी खाली येत गेला आणि शेवटी ती दुसऱ्या संस्थेच्या शाळेत विलीन झाली. इमारत आता मंगल कार्यालय आहे. रजिस्टरं त्या दुसऱ्या शाळेच्या कपाटात गेली.

गेल्या वर्षी वसंतात माझ्या ग्रीन कार्डच्या अर्जावर नोटीस आली. जन्माचा पुरावा अपुरा आहे, ठरलेल्या मुदतीत द्या, नाहीतर आहे त्या कागदांवर निर्णय घेऊ. नगरपालिकेकडून मी "नोंद आढळत नाही" असा दाखला आधीच आणला होता. आता माझ्या वकीलबाईंनी सांगितलं की शाळेचं सर्वांत जुनं रेकॉर्ड हवं आणि माझ्या जन्माविषयी सांगू शकतील अशा दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं हवीत. माझे आईवडील आता नाहीत. आत्याने एक दिलं, अंगठा उठवून. दुसरं कोण देणार?

अर्ज माझ्या नावावर होता आणि नवऱ्याचा त्यालाच जोडलेला. माझ्या नोकरीच्या व्हिसाची कमाल सहा वर्षं कधीच संपली होती. मुक्काम वाढत होता तो या अर्जाच्या आधारावर. तो नाकारला गेला असता तर बारा वर्षांचं बस्तान गुंडाळून निघावं लागलं असतं.

रजिस्टरचं पान मिळवलं माझ्या वर्गमित्राने. तो आता गावातच पंचायत समितीत क्लार्क आहे. त्याने त्या शाळेत तीन खेपा घातल्या, कपाट उघडायला लावलं आणि पानाचा फोटो पाठवला. मी तो आनंदाने वकीलबाईंना दिला. त्यांचा तासाभरात फोन आला.

"या पानावर वीस मुलं आहेत," त्या म्हणाल्या. "सतरा एकाच तारखेला जन्मली आहेत. हे मी कुणाला दाखवू?"

मी त्यांना कान धरायची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी ते सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, ज्याने ही नोंद केली तो माणूस हयात असेल तर बघ.

तो माणूस हयात होता. नुसता हयात नाही, आमच्या शेजारच्या क्युपर्टिनोत होता. मला पहिलीत दाखल करून घेणारे सर, जे नंतर मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले, ते त्याच मे महिन्यात आपल्या मुलीकडे सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांच्या मुलीला आम्ही सगळे ताई म्हणतो. त्या जूनच्या केकला ती सरांना घेऊन येणार हे आमच्या ग्रुपवर कळलं तेव्हा मला वाटलं, सुटलो.

वकीलबाईंनी दिलेल्या नमुन्यावरून मी सरांचं प्रतिज्ञापत्र टाइप करून ठेवलं. "मी अर्जदाराच्या कुटुंबाला तिच्या जन्माआधीपासून ओळखतो. तिचा जन्म एक जून रोजी झाला हे मला व्यक्तिशः माहीत आहे." नवरा म्हणाला, "सही घे आणि मोकळी हो. सर तुला नाही म्हणणार आहेत का?"

पार्कमध्ये सर घडीच्या खुर्चीत बसले होते. अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, पायात जावयाचे स्पोर्ट्स शूज. एकेक जण वाकून नमस्कार करत होता आणि सर प्रत्येकाला विचारत होते, "कितव्या बाकावर बसायचास?" कुणीतरी विचारलं, "सर, तुमचीही एक जूनच का?"

"माझी सात जून," सर म्हणाले. "आमचे गुरुजी थोडे उशिरा यायचे सुट्टीवरून."

केक झाल्यावर मी कागद पुढे केला. सरांनी चष्मा बदलला, खिशाचं पेन काढलं आणि वाचायला लागले. पहिल्या ओळीखाली त्यांनी रेघ मारली. दुसऱ्या ओळीखाली दोन. मला वाटलं, व्याकरण चुकलं.

"हे तू लिहिलंस?"

"वकिलांचा नमुना आहे, सर."

"तुझा जन्म झाला तेव्हा मी तुझ्या घरी होतो का?"

"नाही, सर."

"तुझ्या वडिलांना मी ओळखत होतो का? तू सहा वर्षांची होऊन आलीस तेव्हा तुला पहिल्यांदा पाहिलं. मग 'व्यक्तिशः माहीत आहे' हे मी शपथेवर कसं लिहू?"

ताई जवळच उभी होती. ती म्हणाली, "बाबा, अहो सगळे देतात असं. फॉर्मॅलिटी असते ती."

"सगळ्यांना मी नाही शिकवलं," सर म्हणाले. "हिला शिकवलंय."

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली. आवाजात राग नव्हता. पण मला चौथीत गृहपाठ मैत्रिणीच्या वहीतून उतरवताना पकडलं होतं, तसं अंगभर गरम वाटलं. गाडीत बसल्यावर मला रडू आलं. नवरा चिडला होता. "म्हातारा हट्टी आहे यार. एका सहीने काय बिघडलं असतं?" मी सरांची बाजू घेतली नाही. माझ्याही मनात तेच होतं. मुदतीला पाच आठवडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघत होते तेव्हा सरांचा फोन आला. "रजिस्टर कुठे आहे?"

मी म्हटलं, पानाचा फोटो आहे माझ्याकडे.

"मग काल का नाही दाखवलास? ये घेऊन."

शनिवारी मी प्रिंट काढून क्युपर्टिनोला गेले. सर डायनिंग टेबलाशी बसले होते, समोर उपम्याची रिकामी बशी. त्यांनी प्रिंट हातात घेतली, उलटून मागे पाहिलं आणि मला विचारलं, "उजवं पान कुठे आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. सरांनी समजावलं. रजिस्टर मोठं असतं, एका मुलाची ओळ दोन पानांवर जाते. डाव्या पानावर नाव, जात, जन्मतारीख. उजव्या पानावर प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याचं कारण आणि अगदी शेवटी शेरा. माझ्या वर्गमित्राने फक्त डावं पान काढलं होतं, कारण नाव आणि तारीख तिथेच होती.

मी तिथूनच त्याला निरोप पाठवला. त्याचं उत्तर व्हॉइस मेसेजमध्ये आलं, आणि ते मी नेमकं स्पीकरवर लावलं. "अगं बाई, उजव्या पानावर काय असतंय? शेरा! शेरा कोण वाचतं? तुझ्या ग्रीन कार्डापायी त्या शाळेचा शिपाई मला आता पाहुणा समजायला लागलाय, चहा विचारतो."

"त्याला सांग," सर म्हणाले, "वर्तणूक 'बरी' लिहिली होती त्याची. अजून सुधारलेली नाही."

चार दिवसांनी फोटो आला. शेऱ्याचा रकाना मला रिकामाच दिसला. मी तसं सरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, रिकामा नाही, पेन्सिल आहे. शाईने लिहायची परवानगी नव्हती, तपासणी अधिकारी ओरडायचे. संध्याकाळी मी आणि नवरा दोघेही तिकडे गेलो. ताईने तो फोटो टीव्हीवर टाकला आणि मोठा केला. भिंतीवरच्या त्या मोठ्या पडद्यावर राखाडी रेघा हळूहळू अक्षरं झाली. वितीएवढी अक्षरं, आमच्या सगळ्या वह्यांवर लाल शाईत पाहिलेलं तेच वळण.

सर एकेक ओळ वाचत गेले. "थोरल्याहून दीड वर्षाने लहान. थोरल्याची तारीख पाहणे." "आजी म्हणते पोळ्याच्या सुमारास. साल नक्की नाही. दात पाहिले." "कान पुरतो. वडील दर वेळी वेगळं सांगतात." "शेजारीण म्हणते, आपल्या मुलीच्या बारशाला हा पोटात होता."

ज्या सतरा मुलांपुढे एक जून होतं, त्या सतरांपुढे ती तारीख कुठून आणली हे लिहिलेलं होतं. "साल काढायला वेळ लागायचा," सर म्हणाले. "दिवस कुणालाच सांगता यायचा नाही. साल चुकलं तर मात्र मुलाचं आयुष्यभर नुकसान. नोकरीला, परीक्षेला, सगळीकडे. म्हणून विचारत बसायचो. नंतर कुणी जाब विचारला तर सांगता यावं म्हणून टिपून ठेवायचो. कुणीच विचारला नाही."

माझी ओळ खालून तिसरी होती. ती सरांनी लगेच वाचली नाही. मला म्हणाले, "तू वाच."

"आई स्वतः आली. सांगते, नव्या टाकीचं पाणी सुटलं तो आठवडा. सुईण नळावर गेली होती, तोवर मूल झालं."

मी दोनदा वाचलं. माझी आई मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना गेली. मी कधी जन्मले हे मी तिला लहानपणी विचारायचे तेव्हा ती "कुणाला आठवतंय" म्हणून हातातलं काम पुढे करायची. आणि इथे तिचं वाक्य होतं. तिच्याच बोलण्याच्या ढबीत, गावभर नळ आले त्याचा आनंद आणि सुईण वेळेवर सापडली नाही त्याचा वैताग, दोन्ही एकत्र. नवरा माझ्या शेजारी बसला होता. त्याने काही विनोद केला नाही. फक्त म्हणाला, "म्हणजे तू एकटीच आलीस. कुणाची मदत न घेता."

मी सरांना विचारलं, "सर, आई कशी होती त्या दिवशी? काय म्हणाली अजून?"

सर पडद्याकडे बघत म्हणाले, "खरं सांगू? मला तो दिवस आठवत नाही. तुझी आईही नीट आठवत नाही मला. एवढी पोरं दाखल केली. आठवतं असं सांगितलं तर तुला बरं वाटेल, पण आठवत नाही." मग म्हणाले, "अक्षर माझं आहे. एवढं मी शपथेवर सांगू शकतो. आणि त्या बाईने सांगितलं नसतं तर मी लिहिलं नसतं, हेही सांगू शकतो."

त्यावरून ते प्रतिज्ञापत्र झालं. सरांनी ते स्वतः इंग्रजीत लिहिलं, हाताने, तीन पानं. सर त्याच शाळेचे विद्यार्थी. जुन्या पद्धतीने इंग्रजी शिकवणारे शेवटचे मास्तर त्यांच्या वाट्याला आले होते. वाक्यं लांब, पण एकही शब्द उगीच नाही. ते शाळेत कधीपासून कधीपर्यंत होते, दाखल्याच्या वेळी काय विचारत, कान का धरायला लावत, एक जून का लिहीत, शेऱ्यात काय नोंदत, माझ्या ओळीत काय नोंदलं आहे आणि त्यातलं त्यांना स्वतःला काय आठवत नाही, सगळं. मी टाइप करताना एक वाक्य सोपं केलं तर त्यांनी ते मला पुन्हा मूळपदावर आणायला लावलं.

दरम्यान गावात वर्गमित्र पाण्याच्या टाकीवर गेला. उद्घाटनाची फरशी निवडणुकीच्या पोस्टरांखाली दडली होती. त्याने ती पाणी मारून खरवडली आणि फोटो पाठवला. महिना मे, आणि साल माझ्या पासपोर्टवरचंच. दिवस कोरलेल्या जागी टवका उडालेला होता. सरांनी तो फोटो बराच वेळ बघितला आणि एवढंच म्हणाले, "साल बरोबर निघालं." मला वाटतं, इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांचा पेपर तपासला होता.

बँकेतल्या नोटरीसमोर जायला सरांनी कोट घातला. नोटरी मुलगी पंचविशीची असेल. तिने विचारलं, यात लिहिलेलं सगळं तुमच्या माहितीप्रमाणे खरं आहे का? एरवी या प्रश्नाला लोक मान हलवतात. सरांनी तिला जरा थांबायला सांगितलं, तिन्ही पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि मग हात वर केला. आमच्या मागे रांग होती. मी त्या रांगेकडे पाहिलं नाही.

वकीलबाईंनी दोन्ही पानं, भाषांतर, फरशीचा फोटो आणि सरांची तीन पानं जोडून उत्तर पाठवलं. नोव्हेंबरात सर परत गेले तेव्हाही काही कळलं नव्हतं. विमानतळावर मी पाया पडले तर म्हणाले, "नाही झालं तरी खरं लिहिलंय, याचा पश्चात्ताप करू नकोस." मी हो म्हटलं. मनातून मला तेव्हाही खात्री नव्हती.

जानेवारीत मंजुरी आली. मी गावाला फोन केला तेव्हा सर मंडईत होते आणि त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. मला तीन वेळा ओरडून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "कळलं, कळलं. आता नीट कामाला लाग." आणि बाजूच्या कुणाला तरी सांगितलं, "विद्यार्थिनी आहे. अमेरिकेहून बोलतेय."

शाळेतून निघालेल्या न्यायाधीशांचा आणि डॉक्टरांचा तो फळा मंगल कार्यालय झालं तेव्हा कुठे गेला, कुणालाच माहीत नाही. आमची नावं तशीही त्यावर कधी लागली नसती. पण आमच्यासारख्या प्रत्येकासाठी कुणीतरी दोन खुर्च्या ओढून, समोर बसून विचारलं होतं की हे मूल कधी जन्मलं, आणि उत्तर लिहून ठेवलं होतं. माझी पदवी, ही नोकरी, हे घर, सगळं त्या पेन्सिलीच्या ओळीच्या नंतरचं आहे. हे मला चाळिशीच्या जवळ येऊन कळलं, याबद्दल मी स्वतःला माफ करते, कारण निदान कळलं.

पेन्सिल पुसट होत चालली आहे. म्हणून वर्गमित्राने आता सगळ्या रजिस्टरांची उजवी पानं काढायला घेतली आहेत. तो दर रविवारी पाच-दहा पानं पाठवतो, मी मोठी करून टाइप करते, आणि ज्यांचा पत्ता लागतो त्यांना त्यांची ओळ कळवते. गेल्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका काकांचा नंबर मिळाला. माझ्याहून बरेच मोठे, आधी कधी बोलणं झालेलं नाही. मी शाळेचं नाव सांगितलं, सरांचं सांगितलं, आणि म्हटलं, "काका, तुमच्या दाखल्याच्या वेळी तुमच्या वडिलांनी काय सांगितलं होतं ते माझ्यासमोर आहे. वाचून दाखवू?"

पलीकडून गाडीचा आवाज येत होता. "माझे वडील?" ते म्हणाले. "ते तर मी दुसरीत असतानाच गेले." मग इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. "थांब हं बेटा. गाडी बाजूला घेतो."

मी थांबले.